ताळा

फळ्यावर लिहिते : व्यवस्थापन माहिती प्रणाली.
तेवीस पोरं माना खाली घालून उतरवून घेतात.
मागच्या बाकावरून बादरी विचारतो,
"परीक्षेला व्याख्या येते का, मॅडम?"
येते.
पण आज वह्या मिटा. उद्या पहाटे पाचला
पुलाशी भेटा. कोट घालून या.

कुतैसीत ऑक्टोबरच्या पहाटे
रिओनी नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते.
पलीकडे अम्ब्रोसीचं दुकान,
विहिरीच्या कठड्यासारखी गोल भट्टी.
तो कंबरेपर्यंत आत वाकतो
आणि कणकेची होडी तापल्या भिंतीला थापून
वर येतो. चाळीस वर्षं हेच.
भुवया कधीच्याच जळून गेल्यात.

त्याची प्रणाली दारामागच्या भिंतीवर :
कोळशाच्या रेघा, पाचापाचाचे जुडगे,
शाळेच्या नावापुढे गोल,
हॉटेलवाल्या तामाझपुढे फुली.
"देतो पैसे. पण रडून."
चुन्याचा हात मारला की वर्ष मिटलं.
ना कीर्द, ना खतावणी.

इथे मी दरवर्षी म्हणते,
आकडे म्हणजे पीठ, माहिती म्हणजे भाजलेली शोती.
पोरं तेवढंच लिहून घेतात.
अम्ब्रोसी हात झटकत विचारतो,
"मग मी कोण, प्रोफेसर?"
याचं उत्तर पुस्तकात आहे. चौकोनात आहे.
त्याला बाण आत येतो, बाण बाहेर जातो.
मी ते त्याला सांगितलं नाही.

त्सिसानाने तक्ते बांधले.
किती पीठ, किती मीठ, किती लाकूड,
कुठल्या वारी किती खप, पावसात किती,
गावात कुणी गेलं तर जेवणावळीला किती
(ही बातमी अम्ब्रोसीला पाद्र्याच्या आधी लागते).
पंधराव्या दिवशी पडद्यावर लाल ओळ :
तूट सहा.
दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी सहा.
ताळा काही जमेना.

कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांनी फक्त गोचाकडे पाहिलं.
सोळा वर्षांचा, पोती वाहणारा पोरगा,
त्याचे कान लाल झाले.
भट्टीशेजारी कुणाचेही होतात
हे त्या वेळी एकाला सुचलं नाही. मलाही नाही.

बादरीला झोप येत नाही म्हणून
तो एका रात्री चारलाच पोचला.
अम्ब्रोसीने पहिली होडी थापली, ती सुटून निखाऱ्यात.
दुसरी. तिसरी.
सहावीनंतर भिंतीने धरायला सुरुवात केली.
म्हाताऱ्याने खाली वळूनही पाहिलं नाही.
"ती जळाली की!"
"ती कुठे अजून पाव होती?
मी भिंतीला विचारत होतो, तापलीस का?"

म्हणजे त्सिसाना गोळे मोजत होती,
अम्ब्रोसी पाव मोजत होता,
दोघांचंही बरोबर होतं,
आणि शोती नेमकी कधीपासून शोती
हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

नव्या रकान्याला नाव काय द्यायचं
यावर वर्गात तासभर भांडण.
कुणी म्हणालं नुकसान, कुणी म्हणालं चाचणी.
बादरीने उठून टंकलं : भट्टीला.
गोचाची माफी कुणी मागितली नाही.
पुढच्या सोमवारी पोत्याचं दुसरं टोक
त्सिसानाने धरलं, एवढं मी पाहिलं.
जड होतं. तिने सोडलं नाही.

परीक्षेत व्याख्या आलीच.
बादरीने एकच ओळ लिहिली :
मोजण्याआधी विचारणे.
नमुना उत्तरात हे कुठेच नाही.
दहापैकी चार दिले.
चहा केला. परत येऊन सात केले.
कॉलेजची प्रणाली लगेच थांबली,
गुण बदलण्याचं कारण भरा, म्हणाली,
रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

मी भरलं : भट्टीला.
तिने घेतलं.